तीन पिढ्या आणि एक प्रपोझल फॉर्म

घरातल्या सगळ्यांनी मिळून फिरायला जायचं ठरलं की ग्रुपवर रात्री बारापर्यंत मेसेज चालू असतात, खिडकीची सीट कोणाला, कोणाची खोली कोणाशेजारी, आजीला जिने चढायला लागणार का, लहान्याचा स्ट्रोलर न्यायचा की नाही. आणि विमा? तिकिटाचे पैसे भरताना शेवटच्या स्क्रीनवर एक छोटा चौकोन येतो, त्यावर टिक केली की झाला विमा. तीन सेकंदांचा निर्णय. एकटा धडधाकट माणूस चार दिवस कुठेतरी जाणार असेल तर मला त्यात फारसं वावगंही वाटत नाही, पण सोबत सत्तरी ओलांडलेले दोघं आहेत, एक गरोदर वहिनी आहे, एक रांगणारं बाळ आहे आणि समुद्राखाली उतरायचंच म्हणून अडून बसलेला एक कॉलेजकुमार आहे, तर हे सगळं त्या चौकोनाला कळणार कसं? त्याला फक्त डोकी आणि तारखा माहीत असतात.

आमच्याकडे हे काम माझ्याकडे आलं कारण भावाने जाहीर केलं की तुला वाचायची आवड आहे ना, मग पॉलिसीपण तूच वाच. वाचली. एक नाही, चांगल्या चार-पाच वाचल्या, म्हणजे ब्रोशर नाही, ते मागचं बारीक अक्षरातलं पॉलिसी वर्डिंग. (ब्रोशरमध्ये सगळी कुटुंबं हसत असतात आणि आजी-आजोबांचे केस पांढरे असले तरी गुडघे मात्र ठणठणीत दिसतात.) वाचता वाचता हळूहळू एक गोष्ट लक्षात यायला लागली, की आपण कुटुंब म्हणून निघतो पण विमा बघतो एकेका माणसाकडे. आणि बहुतेक घोळ या दोन नजरांच्या फटीत होतात.

याला जुना इतिहासही आहे. १८६४ साली अमेरिकेतल्या हार्टफर्डमध्ये जेम्स बॅटरसन नावाच्या गृहस्थांनी ट्रॅव्हलर्स ही विमा कंपनी काढली, आणि त्यांचा पहिला सौदा म्हणून जो किस्सा सांगतात तो असा की एका ओळखीच्या बँकवाल्याने पोस्ट ऑफिसातून घरी चालत जाईपर्यंतच्या अपघाताचा विमा मागितला आणि बॅटरसननी दोन सेंट घेऊन तो दिला. एक माणूस, एक रस्ता, काही मिनिटं. तिथून पुढे विमा कितीही वाढला तरी त्याचा मूळ पिंड तो एकट्या चालणाऱ्या माणसाचाच राहिला असं मला वाटतं. आजोबा आजारी पडले म्हणून बाकी सात जणांची ट्रिप मोडते, हे त्याला वेगळं समजावून सांगावं लागतं.

सुरुवात करा ती ‘फॅमिली पॉलिसी’मधली फॅमिली कोण इथपासून. बऱ्याच ठिकाणी ती म्हणजे नवरा, बायको आणि ठरावीक वयाखालची, स्वतः न कमावणारी मुलं. संपलं. आजी-आजोबा काही पॉलिसींत येतात, काहींत वेगळे घ्यावे लागतात, आणि मावशी? जिच्याशिवाय आमची कुठलीच ट्रिप पूर्ण होत नाही, जी सगळ्यांच्या औषधांचे डबे सांभाळते, ती मावशी बऱ्याच कागदांत कोणीच नसते. नात्यांची यादी पॉलिसीच्या सुरुवातीलाच व्याख्यांमध्ये दिलेली असते आणि ती कोणी वाचत नाही कारण व्याख्या म्हटलं की शाळा आठवते. पण तिथेच ठरतं की मावशीला हॉस्पिटलात ठेवायची वेळ आली आणि तुम्ही तिच्यासाठी तिकीट बदलून थांबलात, तर तो खर्च ‘कुटुंबासाठी थांबणं’ धरतील की ‘तुमची मर्जी’. काही पॉलिसींत सहप्रवासी म्हणून वेगळी व्याख्या असते, म्हणजे नातं काही का असेना, एकत्र बुकिंग करून निघालेला माणूस. मावशीसाठी मला तीच उपयोगाची वाटली.

क्रेडिट कार्डवर विमा फुकट मिळतो ना, हा प्रश्न प्रत्येक घरात एक तरी भाऊ विचारतोच. मिळतो, कधीकधी चांगलाही असतो, पण बहुतेक वेळा अट अशी की प्रवासाचे पैसे त्याच कार्डाने भरलेले हवेत, आणि कव्हर कार्डवाला, त्याचा जोडीदार आणि अवलंबून असलेली मुलं एवढ्यांपुरतं. वयाची मर्यादाही असते. म्हणजे ज्यांच्यासाठी विमा सगळ्यात जास्त लागणार तेच नेमके बाहेर.

वयाचं गणित तर वेगळंच आहे. साठ, पासष्ट, सत्तर, पंच्याहत्तर, ऐंशी अशा पायऱ्या असतात आणि प्रत्येक पायरीला प्रीमियम चढतो आणि कव्हर उतरतं. काही कंपन्या वय पॉलिसी घेतल्याच्या दिवशीचं धरतात, काही निघायच्या दिवशीचं, त्यामुळे मधे कोणाचा सत्तरावा वाढदिवस येत असेल तर आधी विचारून घ्या. पण प्रीमियमपेक्षा जास्त बघायची गोष्ट म्हणजे सब-लिमिट. वर मोठ्ठ्या अक्षरात सम इन्शुअर्ड, म्हणजे विम्याची जास्तीत जास्त रक्कम, लिहिलेली असते आणि आत कुठेतरी असतं की ठरावीक वयापुढच्यांना हॉस्पिटलच्या खोलीचे दिवसाला एवढेच, आयसीयूचे एवढेच, सर्जनची फी एवढीच. मग वरच्या आकड्याला काय अर्थ उरला. त्यात डिडक्टिबल, म्हणजे आधी आपल्या खिशातून भरायची रक्कम, ती कधी माणसामागे असते, कधी प्रत्येक क्लेममागे, आणि आठ जणांत तिघांना एकाच वेळी पोटाचा त्रास झाला तर ती तीनदा कापली जाऊ शकते. रक्कम प्रत्येकाला वेगळी आहे की सगळ्यांत मिळून एकच, हेही तिथेच बघा. मिळून एकच असेल आणि एका मोठ्या आजारपणात ती संपली तर उरलेल्या दिवसांसाठी बाकीचे उघड्यावर.

आणि व्हिसासाठी मागितलेली किमान रक्कम म्हणजे पुरेशी रक्कम असा एक समज आहे, तो काढून टाका. शेंगेन व्हिसाला, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसाला, किमान ३०,००० युरोचं कव्हर लागतं, संपूर्ण शेंगेन भागात चालणारं, तातडीचे उपचार आणि मायदेशी परत आणण्याचा खर्च धरून. ही त्या देशांची अट आहे, त्यांना त्यांची हॉस्पिटलची बिलं बुडायला नकोत. तुमच्या बाबांच्या हृदयात स्टेंट आहे की नाही हे त्या आकड्यात कुठेच नाही. वैद्यकीय देखरेखीखाली माणसाला विमानातून परत आणायचं म्हणजे काय खर्च असतो, स्ट्रेचरसाठी कितीतरी सीट, सोबत डॉक्टर किंवा नर्स, नाहीतर सरळ एअर ॲम्ब्युलन्स, हे कळलं की मग बॅगेच्या कव्हरवरून कंपन्यांची तुलना करणाऱ्या वेबसाइटचं हसू येतं. माझं मत विचाराल तर बॅग, उशीर, पासपोर्ट हे सगळं दुसऱ्या रांगेत. पहिल्या रांगेत फक्त हॉस्पिटल आणि परत आणणं.

आता खरी गोष्ट. प्रपोझल फॉर्म, म्हणजे विमा घेताना भरायचा अर्ज.

त्यात एक प्रश्न असतो, शब्द थोडे इकडेतिकडे, पण मतलब एकच: गेल्या काही महिन्यांत कुठलं नवीन निदान, नवीन औषध, औषधाच्या डोसात बदल, हॉस्पिटलात भरती, किंवा निकाल यायचा बाकी असलेली तपासणी? मी हा प्रश्न ग्रुपवर टाकला. सगळ्यांचे अंगठे आले. बाबांनी लिहिलं, ‘ऑल फिट’. मग रात्री आईचा फोन आला, आवाज बारीक करून, की अगं बाबांची बीपीची गोळी मध्यंतरी बदललीय, आणि एकदा चक्कर आली होती, पण तू म्हणू नकोस मी सांगितलं असं, तुम्हाला उगाच टेन्शन नको म्हणून ते बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी बाबांशी बोलले तर ते आईबद्दल सांगायला लागले! की हिचा गुडघा बघ, इंजेक्शन घेऊन चालतेय, तुला नाही सांगणार ती. मावशीची एक तपासणी झाली होती जिचा रिपोर्ट यायचा होता आणि हे फक्त वहिनीला माहीत होतं, वहिनी किती आठवड्यांची गरोदर आहे हे मावशीला माहीत होतं पण बाबांना नक्की आकडा नव्हता. म्हणजे घरात सगळ्यांना सगळ्यांचं माहीत, फक्त ज्याचं त्याने सांगितलेलं नाही. आपल्याकडे आजारपण सांगण्याची पद्धत अशीच असते ना, तिसऱ्याकडून, बारीक आवाजात, ‘तू म्हणू नकोस’ या अटीवर. आणि विमा कंपनीला मात्र ते थेट, पहिल्या पुरुषात, सही करून हवं असतं.

बाबांचं म्हणणं होतं की गोळी काय, सगळेच घेतात, उगाच लिहिलं तर प्रीमियम वाढेल नाहीतर नाकारतील. बऱ्याच घरांत हे असंच म्हटलं जातं, आणि मला ते समजतंही, कारण त्यामागे पैशांपेक्षा वेगळी भीती असते, की एकदा कागदावर आजारी म्हणून लागलो की मुलं फिरायला न्यायची नाहीत. पण होतं काय ते बघा. परक्या गावात माणसाला छातीत दुखायला लागतं, हॉस्पिटलात डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात, काही जुना आजार? आणि तिथे कोणीही खोटं बोलत नाही, बोलूही नये, जिवाचा प्रश्न असतो. डॉक्टर लिहितात, बीपीचा दहा वर्षांपासूनचा त्रास, अमुक महिन्यात औषध बदललं. तोच कागद क्लेमसोबत जातो आणि कंपनी तो फॉर्मशेजारी ठेवून बघते. फॉर्ममध्ये ‘नाही’, केसपेपरवर ‘दहा वर्षं’. क्लेम नाकारायला आणखी काय लागतं. काही वेळा पॉलिसीच मुळातून रद्द धरतात.

‘स्टेबल’ नावाचा एक प्रकारही यात असतो, जो मला आधी अजिबात माहीत नव्हता. काही पॉलिसी जुना आजार कव्हर करतात पण तो निघायच्या आधी ठरावीक काळ स्थिर असायला हवा, कॅनडातल्या पॉलिसींत हा काळ बऱ्याचदा ९० किंवा १८० दिवसांचा दिसतो, आणि स्थिर म्हणजे फक्त त्रास नाही असं नव्हे, औषध बदललेलं नको, डोस वाढलेला नको, आणि गंमत म्हणजे बऱ्याच ठिकाणी कमी झालेलाही नको. म्हणजे डॉक्टर खूश होऊन म्हणाले की आजोबा, मस्त चाललंय, गोळी अर्धी करूया, तरी विम्याच्या हिशोबात तो बदलच. पॉलिसी घेतल्यानंतर आणि निघायच्या आधी असं काही झालं तर कळवायचं असतं. आम्ही बाबांच्या डॉक्टरांना निघायची तारीख आधीच सांगून ठेवली. बदल करायचाच असेल तर करा, तब्येत आधी, पण आम्हाला त्याच दिवशी कळू द्या म्हणजे आम्ही कंपनीला कळवतो.

एक सल्ला मात्र मनापासून देते. हे प्रश्न ग्रुपवर विचारू नका. एकेकाशी बसा, फोन बाजूला ठेवून, औषधांची डबी समोर घेऊन. डबी खोटं बोलत नाही. आणि मोठ्यांना आधी सांगा की काहीही निघालं तरी तुम्ही येताय, आपण फक्त तसा विमा बघतोय. हे वाक्य बोलल्यावर मावशीने जे सांगितलं ते तिने एरवी सांगितलं नसतं. तिचा रिपोर्ट येईपर्यंत आम्ही तिची पॉलिसी थांबवली, कारण निकाल बाकी असलेल्या तपासणीशी जोडलेलं काहीही बहुतेक ठिकाणी धरत नाहीत. रिपोर्ट ठीक आला, तोही फॉर्ममध्ये लिहिला.

मग दुसरा मोठा प्रश्न: एक पडला तर बाकीच्यांचं काय? ही कल्पना कोणालाच करायला आवडत नाही पण कागद पुढे ठेवून एकदा करून बघाच. समजा तिसऱ्या दिवशी आजोबा ॲडमिट झाले. आजी त्यांच्याजवळ थांबणार, तिच्या जास्तीच्या राहण्याचा खर्च कोण देणार? मुलगा थांबणार, त्याचं तिकीट बदलणार. सून दोन लहान मुलं घेऊन एकटी परत येणार की घरून कोणीतरी आणायला जाणार? पुढच्या गावातलं हॉटेल बुक आहे, ते सगळ्यांचं वाया. आजोबांचा स्वतःचा खर्च हा यातला फक्त एक तुकडा आहे. पॉलिसीत ट्रिप अर्धवट सोडणं, जवळच्या माणसाने थांबणं, मुलांना सोबत देऊन परत पाठवणं, अशी वेगवेगळी कलमं असतात आणि प्रत्येकाची मर्यादा वेगळी असते, काहींत तर ती असतातच असं नाही. आणि पुन्हा तेच, प्रत्येक कलमात ‘कोण’ हा प्रश्न आहे. थांबणारा एकच, की दोघं? आठही जण परत फिरले तर आठांचे पैसे, की फक्त जोडीदाराचे?

जे येत नाहीयेत त्यांच्याकडेही बघावं लागतं. वहिनीची आई घरीच राहणार होती, तब्येत तोळामासा. तिचं काही झालं तर वहिनी आणि भाऊ निघणारच नाहीत किंवा मधून परत येतील. ट्रिप रद्द करण्याच्या कव्हरमध्ये घरी असलेल्या जवळच्या नातेवाइकाचं गंभीर आजारपण बऱ्याचदा धरतात, पण काही पॉलिसींत त्या नातेवाइकाच्या जुन्या आजारालाही ती स्थिर असण्याची अट लागू असते. म्हणजे जी बाई विमानात चढणारसुद्धा नाही तिचा केसपेपर आपल्या विम्याला महत्त्वाचा.

सगळ्यांचं एकत्र घ्यावं की वेगळं, यावर आमच्याकडे बरीच वादावादी झाली. एकत्र घेतलं तर काही ठिकाणी सगळ्यात मोठ्या माणसाच्या वयावर प्रीमियम बसतो, म्हणजे तीन वर्षांचं पोरही सत्तरीच्या भावाने. पूर्ण वेगळं, वेगवेगळ्या कंपन्यांचं घेतलं तर अडचणीच्या वेळी एकाच हॉस्पिटलच्या दारात उभं राहून तीन वेगवेगळे हेल्पलाइन नंबर फिरवायचे. मला शेवटी पटलं ते मधलं: कंपनी एकच, पॉलिसी दोन, मोठ्यांची वेगळी, जुने आजार नीट मांडून घेतलेली, आणि बाकीच्यांची वेगळी. पण मग दोन्ही पॉलिसींतली माणसं एकमेकांची सहप्रवासी धरली जातील का, हे कंपनीला विचारा आणि उत्तर ईमेलवर घ्या. फोनवर सगळे ‘हो हो मॅडम’ म्हणतात.

घ्यायचा कधी? पहिलं परत न मिळणारं बुकिंग केलं की लगेच. मोठी माणसं असलेल्या घरात ट्रिप मोडते ती बऱ्याचदा निघायच्या आधीच, आणि रद्द होण्याचं कव्हर पॉलिसी घेतल्यापासून चालू होतं, निघायच्या आदल्या रात्री घेतली तर त्या कव्हरचं करायचं काय. अमेरिकेतल्या बऱ्याच पॉलिसींत तर पहिली रक्कम भरल्यापासून साधारण १४ ते २१ दिवसांत घेतली तरच जुने आजार न धरण्याची अट माफ होते. तिथेच कुठल्याही कारणाने रद्द करायची जास्तीची सोयही मिळते, तिच्यात पूर्ण पैसे नाही, सहसा ५० ते ७५ टक्के परत येतात. महाग असते. पण आजोबा आदल्या आठवड्यात ‘मला नाही यायचं, मन होत नाहीये’ म्हणतील अशी शक्यता ज्या घरात आहे (आणि ती कुठल्या घरात नाही), तिथे विचार करावा, कारण मन न होणं हे इतर कुठल्याच कलमात बसत नाही.

लवकर घ्यायचं आणखी एक कारण. एखादी गोष्ट घडून जगजाहीर झाली की त्यानंतर घेतलेल्या विम्यात ती धरत नाहीत. २०१० च्या एप्रिलमध्ये आइसलँडमधला तो उच्चारायला अवघड ज्वालामुखी, एयाफियात्लायोकुत्ल, उसळला आणि युरोपातली जवळजवळ एक लाख उड्डाणं रद्द झाली, तेव्हा राखेचा ढग म्हणजे खराब हवामान का, यावर विमा कंपन्यांत एकमत नव्हतं. काहींनी पैसे दिले, काहींनी हात वर केले. २०२० मध्ये कोविडच्या साथीच्या वेळी आधी घेतलेले आणि नंतर घेतलेले यांच्यात फरक, आणि कितीतरी पॉलिसींत साथ मुळातच वगळलेली निघाली.

वहिनीचं थोडक्यात सांगते. बऱ्याच एअरलाइन्स २८ आठवड्यांनंतर डॉक्टरांचं पत्र मागतात आणि एकच बाळ असेल तर साधारण ३६ आठवड्यांपुढे घेत नाहीत, पण विम्याची रेषा त्याच्या बरीच अलीकडे असू शकते. नॉर्मल बाळंतपण सहसा धरत नाहीत, अचानक झालेली गुंतागुंत धरतात, तीही ठरावीक आठवड्यापर्यंत. आणि बाळ वेळेआधी आलंच तर त्या बाळाचा खर्च कोणाच्या कव्हरमध्ये, हे वेगळं विचारा, कारण पॉलिसी घेताना ते बाळ यादीत नव्हतं. परत यायची तारीख कॅलेंडरवर ठेवून आठवडे मोजायचे, जायची नाही.

भाच्याचं स्कूबा. ठरावीक खोलीपर्यंत, प्रमाणित प्रशिक्षकासोबत, असं असेल तर बऱ्याच ठिकाणी चालतं, नाहीतर साहसी खेळांचा ॲड-ऑन, म्हणजे जास्तीचं कव्हर, घ्यावा लागतो. भाड्याच्या स्कूटरचं मला जास्त काळजीचं वाटतं कारण तिला कोणी साहस म्हणत नाही. लायसन्स त्या गाडीचं हवं, हेल्मेट हवं, आणि दारू पिऊन काही झालं तर विसराच. उंचावर जाणार असाल, साधारण २,५०० मीटरच्या वर, तर विरळ हवेचा त्रास तरुणांनाही होतो, आणि पॉलिसीत उंचीची मर्यादा असू शकते.

बॅगांबद्दल एवढंच की आंतरराष्ट्रीय विमानप्रवासात मॉन्ट्रियल कराराप्रमाणे २१ दिवसांत न आलेली बॅग हरवली असं धरता येतं, आणि एअरलाइनची जबाबदारी डिसेंबर २०२४ पासून प्रवाशामागे १,५१९ एसडीआरपर्यंत (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक) आहे. म्हणजे तो पैसा आधी तिकडून येतो. बॅग फुटली तर सात दिवसांत लेखी तक्रार. औषधं बॅगेत टाकायचीच नाहीत, हातातल्या पिशवीत, चिठ्ठीसकट, आणि दोन वेगवेगळ्या माणसांकडे अर्धी-अर्धी.

क्लेमचं बोलायचं तर सगळ्यात जास्त फसतो तो पहिला फोन. मोठ्या खर्चाच्या आधी, म्हणजे ॲडमिट करताना किंवा जमेल तितक्या लवकर, मदत-केंद्राला कळवायचं असतं, कॅशलेस तिथूनच सुरू होतं, आणि तो नंबर नेमका ज्याच्या फोनमध्ये असतो तोच माणूस स्ट्रेचरवर असतो. म्हणून नंबर आणि पॉलिसीचे आकडे प्रत्येकाकडे, कागदावरसुद्धा, पोरांच्या पाठपिशवीतसुद्धा. आजोबांच्या पाकिटात त्यांच्या औषधांची यादी, ब्रँडच्या नावाने नाही तर मूळ औषधाच्या नावाने, कारण ब्रँड देशागणिक बदलतो.

आणि डिस्चार्जच्या दिवशी सगळ्यांना निघायची घाई झालेली असते, टॅक्सी खाली उभी असते, काउंटरवरची बाई म्हणते रिपोर्ट नंतर ईमेल करू. थांबा तिथेच. निदान, तारीख, वेळ, सही-शिक्का असलेला कागद आणि तुकड्या-तुकड्याचं बिल हातात घ्या, नुसती कार्डाची स्लिप चालत नाही. परत आल्यावर परक्या देशातल्या हॉस्पिटलकडून परक्या भाषेतला कागद मागवायचा म्हणजे महिने जातात, आणि क्लेमची मुदत तोवर कोणासाठी थांबत नाही.